कलावंताची पहिली पाच वर्षे

(डोळखांब येथील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व ग्रामस्तरीय अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या या मेळाव्यात पाणी, रस्ते, घरकुले आणि शाळांच्या इमारती या विषयांवर विस्ताराने चर्चा झाली. त्यानंतर संगीत हा विषय घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे, तेव्हा विकासाच्या मेळाव्यात गाण्याबजावण्याचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मी गाण्याच्या गोडीविषयी बोलणार नाही. ती आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मला बोलावयाचे आहे ते रोजगाराविषयी, आणि तेही गावात राहून एका विशिष्ट कौशल्यावर पोट भरू पाहणाऱ्या तरुणांच्या रोजगाराविषयी.

काही दिवसांपूर्वी याच परिसरातील एका पाड्यावर एका तरुण ढोलकीवादकाशी बोलण्याचा योग आला. हात तयारीचा, तालाची समज पक्की. तुझी अडचण काय, असे विचारता तो म्हणाला, "साहेब, वाजवलं की सगळे वाहवा करतात. पण सोयरीक जुळवताना विचारतात, मुलगा कामधंदा काय करतो?" या एका वाक्यात त्याची सारी चिंता आली आहे. तो जे करतो ते काम आहे असे त्याला वाटते, आणि ते काम नव्हे असे गावाला वाटते. या दोहोंमधील अंतर कसे कमी करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सन्मान नव्वदीत, चिंता विशीत

आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील तारपावादक श्री. भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी जव्हार हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, म्हणून हा आनंद आपलाही आहे. सुकवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून आकाराला येणारे हे वाद्य त्यांनी जन्मभर सांभाळले. त्यांच्या या साधनेची देशाने दखल घेतली, ही अभिमानाची गोष्ट होय.

तथापि हा सन्मान आला तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडलेली होती. विशीत, पंचविशीत, मुले लहान असताना तारप्याला घरात कोणत्या आधारावर जागा मिळाली असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. आमच्या योजनांचा क्रमही पुष्कळसा असाच आहे. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. ती आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते, आणि २०२४ पासून तिच्याखाली दरमहा ५,००० रुपये मिळतात. योजना निःसंशय उपकारक आहे, पण ती सर्वसाधारणपणे पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतासाठी आहे. म्हणजे जो तीस वर्षे तग धरील त्याच्यासाठी व्यवस्था आहे. तग धरावयाची ती वर्षे मात्र ज्याची त्याने काढावयाची आहेत.

कलावंत गळतो तो सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत, आणि गळतो तेव्हा त्याची कुठे नोंदही होत नाही. शाळा सोडलेल्या मुलाची पटावर खूण राहते. ढोलकी खुंटीला टांगून वीटभट्टीवर गेलेल्या मुलाची कोणत्याही दप्तरात खूण राहत नाही.

एका हंगामाचा हिशेब

या भागातील संगीताचे स्वरूप आपल्यासमोर आहे. ठाकर समाजाचे कांबडनाच आणि ढोलनाच, वारली बांधवांचा तारपा, वाडीवाडीवरील भजनी मंडळे, त्यांतील पेटी व पखवाज, देवकार्यातील संबळ, आणि अलीकडे हळदीच्या रात्री वाजणारी बँजो पथके. मुरबाड तालुक्यातील म्हशाच्या यात्रेत तर लोककलेला मोठा श्रोतृवर्ग लाभतो. तेव्हा कलेला मागणी नाही, असे म्हणता येणार नाही. अडचण आहे ती मागणीच्या वेळेची आणि मोलाची.

आपला तालुका भाताचा. पावसाळ्यात आवणी, पुढे कापणी व झोडणी. त्यानंतर शेतीचे काम संपते आणि लग्नसराईला तुळशीच्या लग्नानंतर आरंभ होतो. ती आषाढापर्यंत चालते. वाजवणाऱ्याचा हंगाम तो हाच. परंतु नेमक्या याच काळात भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्या पेटतात. दिवाळीच्या सुमारास घरात रोख रक्कम लागते, भट्टीमालकाकडून उचल घेतली जाते आणि सारे कुटुंब पावसाच्या तोंडापर्यंत भट्टीवर अडकते. ज्या महिन्यांत तरुणाने सुपाऱ्या घ्यावयाच्या, त्याच महिन्यांत त्याचे हात विटांना बांधलेले असतात. तेव्हा संगीत की मजुरी हा निर्णय त्याच्या आवडीवर होत नाही. दिवाळीच्या आठवड्यात घरात पैसा आहे की नाही, यावर तो होतो.

आता मोलाकडे पाहू. केवळ हिशेबाकरिता काही आकडे धरू. समजा, आठ जणांच्या पथकाला एका रात्रीची सुपारी १६,००० रुपयांची मिळाली. त्यातून वाहनाचे ३,००० गेले, ध्वनिक्षेपकाचे भाडे व वाद्यांची डागडुजी यांत आणखी ३,००० गेले. उरले १०,०००. प्रत्येकाच्या हाती १,२५० रुपये आले. एका हंगामात तीस रात्री मिळाल्या तर वर्षाचे झाले ३७,५००. एवढ्यावर प्रपंच चालत नाही, हे उघड आहे. परंतु शेती, पावसाळ्यातील मजुरी आणि आणखी एखादे जोडकाम यांच्या जोडीला ही रक्कम खात्रीने मिळाली तर कुटुंबाला भट्टीची उचल टाळता येण्यासारखी असते. 'खात्रीने' हा यातील महत्त्वाचा शब्द. ठरलेल्या पैशांपैकी निम्मे 'नंतर देऊ' म्हणून राहिले की सारा हिशेब कोसळतो.

म्हणून तरुण कलावंताला माझे पहिले सांगणे असे की, वही ठेवावी. सुपारी कोणाची, तारीख कोणती, इसार किती, बाकी किती आणि पथकात कोणाला किती दिले, हे लिहावे. ज्याची वही आहे त्याच्याशी बँकेला, ग्रामपंचायतीला आणि शासकीय कार्यालयालाही बोलता येते.

बिदागी आणि मोबदला

पैसे मागताना कलावंत संकोचतो आणि देताना आपण हात आखडतो, याला जुनी कारणे आहेत. गावगाड्यात वाजवण्याचे काम ठरावीक जातींकडे होते. लग्नकार्यात, पालखीपुढे त्यांनी वाजवायचे आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र किंवा खुशीने दिलेली बिदागी घ्यायची, असा रिवाज होता. ज्यांच्या सनईवाचून मंगलकार्य सुरू होत नसे, त्यांनाच पंगतीत मात्र बाहेर बसावे लागे. हे आपण विसरता कामा नये. कलेला मान आणि कलावंताला उपेक्षा, असा हा दुहेरी व्यवहार होता. त्यातली जातीची सक्ती पुष्कळ सैल झाली, परंतु देणाऱ्याच्या मर्जीवर मोल ठरण्याची सवय टिकून राहिली.

या सवयीविरुद्ध पहिले मोठे पाऊल उचलणारे कलावंत महाराष्ट्राचेच होते. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेले पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. पुढे संस्थानी आश्रयाची वाट सोडून ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या मर्जीऐवजी लोकवर्गणी, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि तिकीट लावून केलेले जाहीर कार्यक्रम यांवर त्यांनी संगीताचे शिक्षण उभे केले. गवयाला प्रतिष्ठा यावी म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. तरीही मुंबईत विद्यालयाची वास्तू उभारताना झालेल्या कर्जाने त्यांना घेरले आणि ती वास्तू त्यांच्या हातून गेली. एवढ्या मोठ्या माणसालाही पैशाची बाजू सुटली नाही, तेव्हा विशीतल्या तरुणाच्या चिंतेला आपण 'मनाचा कमकुवतपणा' म्हणू नये.

त्यांचे कार्य मात्र बुडाले नाही. १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या प्रारंभिकापासून विशारद व अलंकारापर्यंतच्या परीक्षा आज गावोगावची मुले देतात. एका पिढीने सोसलेल्या ओढाताणीतून पुढच्या अनेक पिढ्यांना शिक्षकाचा पेशा मिळाला.

दोन दगडांवर पाय

'नोकरी कर, नाहीतर कला कर' असा सल्ला आपण मुलांना देतो. तो पुरा खरा नाही. डॉ. वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकाने लष्करी हिशेब खात्यात दीर्घकाळ नोकरी केली. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातील त्यांची खाँसाहेबांची भूमिका महाराष्ट्राने १९६७ साली पाहिली, तेव्हा ते चाळिशीच्या उत्तरार्धात होते. नोकरीने त्यांचे गाणे संपवले नाही. उलट प्रपंच सावरून धरला. याचा अर्थ नोकरीत त्यांना सुख होते असा नव्हे. एवढाच की, पोटाची सोय करून साधना चालू ठेवणे यात कमीपणा नाही, आणि असे करणाऱ्याला 'हौशी' म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

डोळखांबच्या तरुणापुढे मात्र हिशेब कार्यालयातील नोकरी हात जोडून उभी नसते. त्याचे जोडकाम वाद्यदुरुस्तीचे, ध्वनिक्षेपक चालवण्याचे, शाळेत समूहगीत शिकवण्याचे, भजनी मंडळांच्या नव्या पोरांना पेटी-पखवाज शिकवण्याचे असू शकते. ही कामे कलेच्या जवळची आहेत आणि गावातच आहेत. मिरजेचे उदाहरण बोलके आहे. तेथील कारागिरांनी सतार व तंबोरा घडवण्यावर पिढ्यान्‌पिढ्या संसार केले आणि २०२४ मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तारपा किंवा ढोल घडवणारा आपला कारागीर हाही संगीतक्षेत्रातील व्यावसायिकच आहे.

शिक्षणाची अडचण मोठी आहे, हे मला मान्य आहे. कल्याणला कल्याण गायन समाजासारखी जुनी संस्था आहे. परंतु डोळखांबहून आसनगाव गाठायचे, तेथून लोकल, आणि संध्याकाळच्या वर्गानंतर परतीची एसटी चुकली तर रात्र स्थानकावर. मुलीच्या बाबतीत तर पालक हा विचारच सोडून देतात. म्हणून शिकणाऱ्याने शहरात जावे यापेक्षा आठवड्यातून एकदा शिकवणाऱ्याने येथे यावे, हे स्वस्त आणि सुरक्षित आहे. त्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि शाळेची एक खोली मिळाली की वीस मुलांची सोय होते.

गाणे कोणाचे?

आजच्या तरुणाची आणखी एक चिंता मागच्या पिढीला नव्हती. कोणीतरी पाड्यावर येतो, भ्रमणध्वनीवर गाणे मुद्रित करतो, ते जगभर पोहोचते, आणि गाणारणीचे नाव त्यात कुठेच नसते. परंपरागत गीतावर एकट्या माणसाची मालकी सांगता येत नाही, हे खरे. परंतु ते ज्याने सादर केले त्याचा आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क दाखल झाले, १९९९ मध्ये त्यांची मुदत ५० वर्षांपर्यंत वाढली, आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याच्या नावाचा निर्देश होण्याच्या हक्कालाही मान्यता दिली.

कायदा पुस्तकात आहे. तो पाड्यावर आणण्यास वकील लागतोच असे नाही. मुद्रण करू इच्छिणाऱ्याने एका कागदावर गाणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक, मुद्रण कशासाठी वापरणार आणि मोबदला किती, एवढे लिहून सही करावी, आणि त्याची एक प्रत गाणाऱ्याकडे राहावी. सरपंचांनी व शिक्षकांनी हा कागद लिहून देण्यास मदत करावी. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने लोकांच्या परंपरा, चालीरीती व सांस्कृतिक ओळख जपण्याबाबत ग्रामसभेला सक्षम मानले आहे. त्या सक्षमतेचा याहून साधा उपयोग कोणता?

आपण काय करू शकतो

सज्जनहो, आता उपाय. यांतील बहुतेक उपायांना नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.

शिक्षकांसाठी: संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतील सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती १० ते १४ वयोगटातील मुलांसाठी आहे, आणि परंपरागत कलावंत कुटुंबांतील मुलांचा तीत स्वतंत्र विचार होतो. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी मंत्रालयाची दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. ती साऱ्या देशात मिळून काहीशे जणांनाच मिळते, म्हणून तिच्या भरवशावर कोणाला बसवू नये, पण अर्ज जरूर करवावा. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला व लोककला यांच्याकरिता वाढीव गुणांची तरतूद आहे. हे प्रस्ताव शाळेमार्फत आणि मुदतीत जावे लागतात. मुलाच्या अंगी कला असून केवळ कागद वेळेत न गेल्यामुळे गुण हुकले, असे होऊ नये.

ग्रामपंचायत सदस्यांसाठी: समाजमंदिराची किंवा शाळेची एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावासाठी खुली ठेवावी. गावातील कलावंतांची नोंदवही करावी. तीत नाव, वय, वाद्य आणि कोणाकडून शिकले, एवढी माहिती पुरे. उद्या मानधनाचा प्रस्ताव करताना कलेतील वर्षांचा पुरावा मागितला जातो, तेव्हा हीच वही उपयोगी पडेल. आणि गावच्या उत्सवात बाहेरगावच्या पथकाला पूर्ण रक्कम व गावच्या पोरांना केवळ नारळ, हा भेद बंद करावा. शाल-नारळ हा मान आहे. एसटीचे तिकीट त्याने निघत नाही.

अधिकारी बंधूंसाठी, आणि यात माझे खातेही आले: शासनाचा संदेश लोककलेच्या मार्गाने पोहोचवण्याची परंपरा जुनी आहे. केंद्राचा गीत व नाटक विभाग १९५४ मध्ये सुरू झाला, तो २०१७ मध्ये केंद्राच्या एकत्रित संपर्क यंत्रणेत विलीन झाला. जिल्हा माहिती कार्यालयेही शासकीय योजनांच्या प्रसारासाठी लोककला पथकांची निवड करतात. या निवडीसाठीची जाहिरात पाड्यावरील पथकापर्यंत पोहोचते का, अर्ज भरण्यास त्याला कोणी मदत करतो का, हे पाहणे आपले काम आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वागतगीताला, प्रभातफेरीला, उद्घाटनाला आपण जेव्हा वाजवणाऱ्यांना बोलावतो, तेव्हा मंडप व ध्वनिक्षेपकाप्रमाणे त्यांच्या मोबदल्याचीही तरतूद आधी व्हावी आणि शक्यतो त्याच दिवशी रक्कम हाती पडावी. मंडपवाल्याला फुकट मंडप घालण्यास आपण सांगत नाही. मग ढोलकीवाल्यालाच ते का सांगावे?

आणि पालकांना एक विनंती. मुलाने संगीत सोडावे की धरावे, हे लगेच ठरवू नका. त्याला पाच वर्षांची मुदत द्या. या पाच वर्षांत त्याने शिकावे, वही ठेवावी, एक जोडकाम हाताशी धरावे. पाच वर्षांनी वहीच सांगेल. तोपर्यंत सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारले, तर 'मुलगा वाजवतो' असे मान वर करून सांगा.

साऱ्याच तरुणांचा चरितार्थ संगीतावर चालेल, असे आश्वासन मी देत नाही. ते कोणीच देऊ नये. काहींची कला भजनापुरती राहील, आणि तीही गावाची श्रीमंतीच आहे. परंतु ज्याच्या अंगी खरोखर कला आहे, त्याने ती केवळ दिवाळीच्या उचलीपायी सोडली, असे आपल्या पंचक्रोशीत घडू नये. भातसा आणि तानसा या तालुक्यातील जलाशयांचे पाणी मुंबईला जाते, हे आपण रोज बोलतो. ते थांबवणे आपल्या हाती नाही. येथली ढोलकी येथे राखणे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. येत्या दिवाळीपूर्वी होणाऱ्या ग्रामसभेत कलावंतांची नोंदवही आणि सरावाची खोली, हे दोन ठराव आपण मांडावेत, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!